केस काय, पुन्हा येतील

आमच्या शाळेत मुलाखत होत नाही, भेट होते. असं मोठ्या मॅडमनी आम्हाला बजावून ठेवलं आहे. एवढ्या लहान पोरींची मुलाखत घ्यायला सरकारची बंदी आहे. म्हणून गेटवर कुणी विचारलं, "मुलाखत कुठं आहे?" तर आपण सांगायचं, "भेट आतल्या खोलीत आहे." खोली तीच, टेबल तेच, टेबलापलीकडं बसणाऱ्या तिघीजणी त्याच. पोरीला विचारतात तेही तेच. फक्त नाव भेट.

मी या शाळेत मावशी आहे. सांगलीच्या विश्रामबागेत आतल्या रस्त्याला ही खासगी शाळा, फक्त मुलींची, पहिली ते चौथी. मागच्या अंगाला हॉस्टेल, त्याला लागून माझं खोलीभर घर. मी स्वतः चौथीच शिकले, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या पोरींएवढी. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. तसं मी काहीच कुणाला बोलून दाखवत नाही. समोर दोन माणसं उभी राहिली की माझा घसा सुकतो. बोलायचं होतं ते सगळं घरी भांडी घासताना आठवतं. शाळेत दिवाळी अंक येतात, जुने झाले की रद्दीत जातात, ते मी आणून वाचते. त्यात पोलिसांनी लिहिलेलं असतं, नर्सबाईंनी लिहिलेलं असतं, बँकेतल्या साहेबांनीही. मावशीनं लिहिलेलं काही अजून दिसलं नाही. मी कुणाला छापायला देणार नाही. पण लिहायला काय हरकत आहे?

भेटीच्या दिवशी माझं काम सोपं दिसतं. पालक पुढच्या हॉलमध्ये बसतात. नाव पुकारलं की मी पोरीचा हात धरायचा आणि व्हरांड्यातून तिला खोलीपर्यंत न्यायचं. आईबापांनी मागून यायचं, पण थोडं अंतर ठेवून. पोरगी आईपासून सुटताना रडते का, ते बघायचं असतं. खोलीच्या दारात मॅडम भुवया उंचावून माझ्याकडं बघतात. रडली असली तर मी मान खाली घालायची. बाकी मला कुणी काही विचारत नाही.

आता तुम्हीच सांगा, सहा वर्षांची पोर अनोळखी बाईनं हात धरून ओढल्यावर रडली, तर तिचं काय चुकलं? न रडणारीची मला जास्त काळजी वाटते. एक पोरगी अशीच गुमान चालली होती, ओठ घट्ट दाबून. मी विचारलं, "बाळ, पाणी पायजे?" तर म्हणाली, "गप्प बस मावशी, मी रडले तर मम्मी सायकल देणार नाही." तिला प्रवेश मिळाला. शेऱ्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण मॅडम म्हणाल्या, "किती कॉन्फिडंट आहे!"

आईबापांच्या तऱ्हा तर बघवत नाहीत. पाण्याच्या फिल्टरजवळ उभं राहून बाप लोक इंग्रजी घोकतात. कवलापूरकडचे एक बागायतदार, अंगानं दांडगे, गळ्यात सोन्याची साखळी, भिंतीकडं तोंड करून म्हणत होते, "माय डॉटर इज व्हेरी... व्हेरी..." मला बघून दचकले आणि म्हणाले, "मावशी, हुशारला काय म्हणत्यात वो?" मी म्हटलं, "मला न्हाई येत दादा." तर म्हणाले, "मग बरं हाय. आपुन दोघं भाईर बसू, पोरीला एकटीलाच जाऊ दे." एक गूळवाले आजोबा नातीला घेऊन आले ते खांद्यावर गुळाची ढेप घेऊनच. मॅडमच्या टेबलावर, फायलींवर, ढेप ठेवली आणि म्हणाले, "आमच्या अडतीवरचा हाय, खाऊन बघा, मग पोरीचं बोलू." नातीला प्रवेश मिळाला नाही. गूळ मात्र परत गेला नाही, शिक्षकांच्या खोलीत फुटला. मुंग्या मी काढत बसले.

या सगळ्यांत एक गोष्ट दरवर्षी सारखी. व्हरांड्यात, दारापाशी पोचायच्या जरा आधी, पोरीची आई माझ्याजवळ सरकते आणि हळूच विचारते, "मावशी, शाळा कशी हाय?" नवरा ऐकणार नाही, मॅडम ऐकणार नाहीत, अशा आवाजात. शाळेचं प्रवेशाचं छापील पुस्तक वाचून, इतकी चौकशी करून आलेली असते. तरी शेवटी केर काढणाऱ्या बाईला विचारते. मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आले: "चांगली हाय. पोरींना वेळेवर जेवू घालत्यात." खोटं नव्हतं ते.

सिद्धीची आई तेच विचारायला माझ्याजवळ आली होती.

म्हसवडकडची माणसं ती. कविता तिचं नाव, वय असेल पंचविशीचं. नवरा मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ बाहेर, घरी सासू. पोरीनं मेंढरांमागं जाऊ नये, शिकावं, एवढाच हिचा हट्ट. फी भरणार होता तिचा भाऊ. तो मिल्ट्रीत, लग्न व्हायचं होतं, पगारातून भाचीला शिकवायचं म्हणत होता. सिद्धी म्हणजे एवढीशी, सावळी, आणि डोक्यावर केसांचा एवढा मोठा भार की मान कशी पेलते असं वाटावं. कमरेखाली केस. वरून काळे आणि टोकाला तांबूस, मऊ, तान्ह्या पोराच्या केसांसारखे.

मी हात धरला तर पोरीनं माझा पदरच मुठीत धरला आणि सोडेना. खोलीच्या दारात मी तो सोडवायला लागले, तशी ती आणखी घट्ट धरून आत शिरली. म्हणून मीही आत गेले. त्या खोलीत मी झाडायला शेकडो वेळा गेले असेन, भेट चालू असताना तेवढी एकदाच.

मॅडमनी चित्रं पुढं केली. पांढरं, गुबगुबीत मेंढीचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय आहे, सांग बघू?"

सिद्धी बघत राहिली.  मग म्हणाली, "आमचं न्हाई ह्ये."

"तुमचं नाही म्हणजे?"

"हिचं कान बारकं हायती. नाक बी चपटं हाय. कुणाचं तरी चुकून आलंय."

तिघी मॅडम हसल्या. मोठ्या मॅडम तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. खरंच आवडली त्यांना पोरगी, ते मी नाकारत नाही. म्हणाल्या, "शार्प आहे. घेऊ या." कविताचा चेहरा उजळला. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "केस सुंदर आहेत हं. पण हॉस्टेलच्या लहान मुलींचे केस कानापर्यंतच असतात. शाळा सुरू व्हायच्या आधी कापून आणा."

कविता उभीच राहिली. "आवं मॅडम, न्हाई कापता येणार. जावळ हाय."

मॅडमना कळलं नाही असं नाही. पण त्यांना वाटलं, जावळ म्हणजे तान्ह्या बाळाचं. कविता सांगायला लागली. त्यांच्यात पहिले केस सिद्धनाथाच्या देवळात, मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मामानं कात्री लावायची, मग बाकीचं न्हाव्यानं. सिद्धी तान्ही असताना घरात मयत झालं, ते वर्ष गेलं. पुढं मामा भरती झाला. कधी ट्रेनिंग, कधी बॉर्डर, रजा ठरायची आणि मोडायची. म्हणून पोरीच्या केसाला जन्मापासून कात्री माहीत नव्हती. "दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसवा म्हणलं तर सासू तयार न्हाई. आन मला बी नगं वाटतं. तिच्या शाळेचं त्योच करतोय. त्याचा मान हाय," कविता म्हणाली. "आता दिवाळीला रजा मिळणार हाय. तवर ऱ्हावू द्या."

मॅडम म्हणाल्या, "मला तुमच्या भावना समजतात. पण रोज एवढे केस विंचरणार कोण? उवा झाल्या तर सगळ्या हॉस्टेलला होतात."

आणि मी बोलले. माझा मला आवाज ओळखू आला नाही. "मी विंचरीन."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मॅडम हसून म्हणाल्या, "बघा, आमच्या मावशी कधी बोलत नाहीत. त्या म्हणतायत तर ठीक आहे. दिवाळीपर्यंत राहू देत. शब्द दिला." कविता त्यांच्या पाया पडली. बाहेर येऊन माझ्या पाया पडायला लागली, तेव्हा मी तिला दोन्ही हातांनी धरून उभी केली. शाळा कशी आहे ते विचारायचं तिचं राहूनच गेलं. मीच सांगितलं, "शाळा चांगली हाय."

हॉस्टेलचं काम बाहेरच्या माणसाला केर-फरशीचं वाटतं. पण त्यात खरा वेळ जातो तो डोक्यांत. पहाटे एकेकीला पुढ्यात घ्यायचं, तेल लावायचं, फणी फिरवायची, भांग पाडायचा. ऊ बारीक केसांत लपत नाही हे खरं. पण ती येते उशीवरून, टोपीवरून, दोघी मैत्रिणी डोक्याला डोकं लावून गुजगोष्टी करतात त्यातून. तिला रोज फणी लागते आणि फणी धरायला हात लागतो. आमच्याकडं एवढ्या पोरींना मी आणि शालन, दोघीच मावश्या. हात कमी म्हणून केस कमी, असा तो नियम आहे. छापील पुस्तकात त्याला 'आरोग्य आणि शिस्त' म्हणतात.

सिद्धीला मी सगळ्यांच्या आधी उठवायचे. पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर मी बसायचे आणि ती खालच्या पायरीवर, माझ्या गुडघ्यांत. खोबरेल कोमट करून घ्यायचे. केस असे मऊ की फणी आपली आपण खाली यायची. दोन वेण्या घालून त्या डोक्याभोवती गुंडाळायच्या, वर रिबिनी. लांबून बघणाऱ्याला बारीकच केस वाटावेत. पहिले काही दिवस ती रडायची. मग बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबेना.

"मावशे, तुजं जावळ कुणी काढलं?"

"माझ्या मामानं."

"त्यो बी मिल्ट्रीत व्हता?"

"न्हाई गं. हळदीच्या अडतीवर हमाल होता. त्याचं हात कायम पिवळं. माझं डोस्कं बी पिवळं झालं होतं म्हणं."

हे ऐकून ती इतकी हसली की वेणी सुटली. मग रोज विचारायची, "मामाचा हात लागल्यावर माजं डोस्कं कसलं हुईल? हिरवं?" शाळेत इंग्रजी कविता पाठ करायची, मला म्हणून दाखवायची, आणि मी एखादा शब्द चुकीचा म्हटला की शिक्षिकेसारखी कपाळाला हात लावायची. भाकरी दुधात कुस्करून हातानं खायची, ती चमच्यानं खायला लागली. रविवारी आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "मामाला रजा घावली का?" मामा इकडं येणार, तिला देवळात नेणार, मांडीवर घेणार. तिच्या दृष्टीनं दिवाळी म्हणजे तेवढंच होतं. फराळ नाही, फटाके नाहीत.

दिवाळीची सुट्टी जवळ आली तसं शाळेत पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं पुस्तक छापायचं घाटायला लागलं. चकचकीत कागद, रंगीत फोटो. पुण्याहून फोटोवाला येणार होता. शनिवारी मी नेहमीप्रमाणं लेकाकडं सांगलवाडीला गेले. एक रविवार आड माझी सुट्टी असते. सिद्धीची वेणी शालनकडं सोपवून गेले.

सोमवारी सकाळी सिटी बसनं उतरून आत आले. पोरी रांगेत उभ्या होत्या, युनिफॉर्मला इस्त्री, आणि सगळ्यांची डोकी एका मापाची. मी सिद्धीला शोधत होते आणि ती माझ्यासमोर उभी होती. मला ओळखू आली नाही. मान एवढीशी, कान बाहेर आलेले. ती माझ्याकडं बघत होती.

मी हॉस्टेल सांभाळणाऱ्या रेक्टरबाईंकडं गेले. त्या चहा पीत होत्या. "अहो, काल पार्लरवाली बोलावली होती. मॅडमनी सांगितलं, फोटोसाठी सगळ्यांचे एकसारखे करून घ्या. तुमची ती म्हसवडची किती नाटकं करत होती माहितीये? म्हणे, माझे मामा कापणार! पार्लरवाली म्हणाली, मामा आज बिझी आहेत, त्यांनी मला पाठवलंय." आणि हसल्या.

मी म्हटलं, "बाई, जावळ होतं ते."

"अहो मावशी, केस काय, पुन्हा येतील."

हे वाक्य मी तेव्हापासून रोज ऐकते. विंचरताना ऐकते, फरशी पुसताना ऐकते. केस येतील. पण ते केस आईच्या पोटातून आलेले होते. ते एका माणसासाठी राखून ठेवले होते, आणि तो माणूस दूर कुठंतरी बर्फात उभा राहून त्यांच्यासाठी रजेचा अर्ज करत होता. एवढी शिकलेली माणसं, त्यांना ही साधी गोष्ट कशी कळत नाही? की कळते, पण ती म्हसवडच्या कविताची असली की कळून घ्यायची गरज वाटत नाही? सांगलीतल्या एखाद्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असतं, की आमच्या मुलीच्या केसांना हात लावू नका, तर पार्लरवालीची कात्री पर्समधून बाहेर आली असती का?

केस कचऱ्यात गेले होते. कचरा घंटागाडीत गेला होता. मी मागं जाऊन डबा उलटा करून बघितला, शालन म्हणाली, "अगं, सकाळीच गेली गाडी." तिनं मान वर केली नाही. तिनं अडवलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. अडवून कुणी ऐकलं असतं?

मग मी मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिले. आत जायला माझे पाय तयार नव्हते, पण परतही फिरत नव्हते. शेवटी त्यांनीच बोलावलं. मी एवढंच म्हणू शकले, "मॅडम, तुमी शब्द दिला होता."

त्यांना आधी आठवेना. मग आठवलं, आणि त्यांनी डोक्याला हात लावला. "अरे देवा. मावशी, मी विसरले. खरंच विसरले हो."

रागानं कापले असते, मुद्दाम कापले असते, तर मी काय ते समजले असते. विसरल्या! एका आईनं पायावर डोकं ठेवून मागितलेली गोष्ट, आणि ती विसरायला होते. गुळाची ढेप मात्र कुणाची होती ते त्यांना अजून आठवतं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही फोनवर काही बोलू नका. सिद्धीलाही सांगा. दिवाळीला आले की मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. नीट समजावून सांगेन."

त्या दिवशी फोटो काढले. पोरींना गवतावर बसवून, हातात पुस्तकं देऊन. फोटोवाला म्हणाला, "हसा." सगळ्या हसल्या. सिद्धीही हसली. तिला सांगितलेलं ऐकायची सवय लागली होती.

रात्री अंथरूण घालताना तिनं मला खुणेनं बोलावलं आणि आपल्या जेवणाच्या डब्यातली चटणीची बारकी डबी उघडून दाखवली. त्यात तांबूस टोकांची एक बट होती, गोल गुंडाळलेली. पार्लरवाली दुसरीचं डोकं करत असताना हिनं खालून उचलली होती.

"मामाची हाय," ती म्हणाली. "कुणाला सांगू नगं."

रविवारी फोन आला. रेक्टरबाई शेजारी बसून स्पीकरवर फोन देतात, तसाच दिला. कविता पलीकडून आनंदानं ओरडत होती, "सिद्धे, मामाला रजा घावली! यायलाय त्यो!" सिद्धी म्हणाली, "बरं." एवढंच. कविता विचारायला लागली, "आगं, खूश न्हाई व्हय तू?" रेक्टरबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "अभ्यास चांगला करते हं."

सुट्टीच्या दिवशी गेटवर गाड्यांची ही गर्दी. मॅडम स्वतः बोलणार होत्या. सकाळपासून मी केबिनकडं बघत होते. दुपारी निरोप आला, "मॅडम ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये आहेत. म्हसवडच्या मुलीला तुम्हीच गेटवर सोडा."

मीच सोडायची. मीच तिचा हात धरून आत नेली होती, तसा मीच धरून बाहेर आणली.

कविता नवी साडी नेसून आली होती. हातात पिशवी, पिशवीत पोरीला देवळात घालायचा लाल परकर वर दिसत होता. शेजारी तिचा भाऊ, उंच, केस बारीक कापलेले, उन्हानं रापलेला. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात नवीकोरी कात्री होती. कुठून तरी लांबून, आगगाडीतून, ती जपून आणली होती.

कविता आधी माझ्यामागं बघत होती, पोरगी कुठं आहे म्हणून. मग खाली बघितलं.  तिच्या हातातून पिशवी सुटली.

मामानं मला विचारलं, "मावशी, तुमी कापलं व्हय?" आवाज चढवला नाही.

मी नाही अशी मान हलवली.  सिद्धीच बोलली. "न्हाई मामा. मावशी सुट्टीवर व्हती. तिला ठावं न्हवतं." मग तिनं दप्तरातून डबी काढली, झाकण उघडून त्याच्यापुढं धरली. "म्या तुज्यासाठी ठिवलंय. एवढंच घावलं."

तो गेटसमोर गुडघ्यावर बसला. बट उचलून तळहातावर घेतली, बघितली, आणि शर्टाच्या खिशात, ओळखपत्राच्या पाकिटात ठेवून वर बटण लावलं. मग उठून वॉचमनला म्हणाला, "तुमच्या मॅडमना भेटायचंय."

"मीटिंगमध्ये आहेत."

"थांबतो."

तो थांबला. गाड्या येत होत्या, पोरी आईबापांच्या गळ्यात पडत होत्या, हॉर्न वाजत होते. तो एका जागी ताठ उभा. मॅडम काही आल्या नाहीत. मागच्या गेटनं त्यांची गाडी गेलेली मी बघितली. मी त्याला येऊन सांगितलं, "दादा, गेल्या त्या."

त्याला राग आला असेल, पण तो माझ्यावर काढला नाही. म्हणाला, "मावशी, आमचा साहेब लांबच्या मुलखातला हाय. मराठी कळत न्हाई त्याला, देव कळत न्हाई आमचा. भाचीचं जावळ हाय म्हणून रजा मागितली. मला वाटलं हसंल. न्हाई हसला. म्हणाला, तेरे हाथ से होना है तो तू ही जाएगा. सही केली." मग शाळेच्या पाटीकडं बघून म्हणाला, "आन हितं तर आपलीच माणसं हायती."

कविता एवढंच म्हणाली, "आवं, एक फोन करायचा व्हता मला. एक फोन. मीच आले असते की रात्रीत, घिऊन गेले असते पोरीला."

सुट्टी संपल्यावर कविता एकटी आली, सिद्धीची ट्रंक न्यायला. देवळात काय झालं ते तिनं मला सांगितलं. मामानं सिद्धीला मांडीवर घेतलं, कानाजवळच्या उरल्यासुरल्या केसांना कात्री लावली, आणि खिशातली बट त्यावर ठेवून देवाला वाहिली. सासू देवळाच्या पायरीवर तोंड फिरवून बसून होती. "पोरगी तेवढी खूश व्हती," कविता म्हणाली. "मामाच्या मांडीवरनं उतरायलाच तयार न्हाई."

मी म्हटलं, "शाळेतनं काढू नगं गं. हुशार हाय ती."

"ठावं हाय मला, मावशी. म्याच शाळा शाळा करत व्हते. पर उद्या तिला ताप आला, तर मला सांगतील का? का म्हनतील, ताप काय, उतरंल?" तिनं ट्रंक उचलली. "आमच्या गावची शाळा हाय, तिथं घालीन. मास्तर दारावरनं जाताना हाक तरी मारतोय."

मॅडमनी तिला थांबवायचा प्रयत्न केला, चहा मागवला. चहा मीच नेला. कवितानं त्याला हात लावला नाही.

आता पुढच्या वर्षीचं पुस्तक छापून आलं आहे. पहिल्या पानावर पूर्ण पानभर सिद्धी. गवतावर बसलेली, कानापर्यंत केस, हातात पुस्तक, हसते आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'प्रत्येक मुलीला इथे घर मिळतं.' जी पोर या शाळेत नाही, तिच्या तोंडाखाली! मी मॅडमना सांगितलं, "मॅडम, हिला काढलंय शाळेतनं." त्या म्हणाल्या, "असू दे मावशी, फोटो छान आलाय." पुस्तकं हॉलमध्ये पालकांना वाटायचं काम माझं आहे. मी एकेक वाटते. दरवेळी ती माझ्याकडं बघते.

परवापासून भेटी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी विट्याकडची एक बाई आली. पोरगी मोठ्या डोळ्यांची, दोन लांब वेण्या, वेण्यांच्या टोकाला तांबूस झाक. मी हात धरून निघाले. व्हरांड्यात, दारापाशी पोचायच्या जरा आधी, बाई माझ्याजवळ सरकली. काखेत ते पुस्तक होतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "शाळा कशी हाय वो?"

दारात मोठ्या मॅडम भुवया उंचावून माझ्याकडं बघत होत्या. माझा घसा सुकला होता. पण या वेळी मी घरी जाऊन भांडी घासायची वाट बघितली नाही.

"ते मागनं सांगते," मी म्हटलं, मॅडमना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आधी मला सांगा, हिचं जावळ झालंय का?"

बाई चमकून माझ्याकडं बघायला लागली. तिचा हात आपसूक पोरीच्या डोक्यावर गेला, आणि तिथंच राहिला.